भिंतीचा वळसा

गिरमिट कडुलिंबाच्या खोडात बोटभर आत गेलं, तेव्हा द्वारकाबाईंना आठ दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

भर दुपार होती. गवंडी आणि मजूर उतार उतरून हर्सूलच्या तलावाकडे भाकरी खायला गेले होते. सुताराचं गिरमिट जोत्यावरच पडलेलं होतं. हिंगाचा खडा त्यांनी घरूनच पदराला बांधून आणला होता. खोडाला भोक पाडायचं, हिंग भरायचा, वरून चिखल लिंपायचा. दोन महिन्यांत उभं झाड वाळतं, असं त्यांच्या माहेरी पाचोडला म्हणत.

हे बांधून होत असलेलं घर धाकट्या दिराचं, नानासाहेबांचं. तीन वर्षांपूर्वी वाटणी झाली. थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, ही घराण्याची रीत. थोरल्या काकासाहेबांनी, म्हणजे द्वारकाबाईंच्या नवऱ्याने, एकीकडे विहिरीचं काळं रान ठेवलं आणि दुसरीकडे ही झाडाझुडपांची उताराची टेकडी. नानासाहेबांनी मुकाट्याने टेकडी उचलली. सगळी भावकी हसली. द्वारकाबाई तर पुढचे चार दिवस हसत होत्या.

आता ते हसू पार जिरलं होतं. उतारावर खालच्या अंगाला पुरुषभर उंच काळ्या दगडाचं जोतं उभं राहिलं होतं. ओसरीत बसलं की तलाव दिसायचा, वारा यायचा. येणारा-जाणारा थांबून म्हणायचा, घर असावं तर असं. आणि विहिरीच्या मालकीणबाई गावात पत्र्याखाली भाजत पडल्या होत्या. जीव जळतो म्हणतात तो कसा, हे त्यांना आता कुणी सांगायला नको होतं. खरं तर हे जळणं घरापासून सुरूही झालेलं नव्हतं. धाकट्या जावेची, सरूबाईची, तीन लेकरं अंगणात दिसली की ते उठायचं. द्वारकाबाईंची कूस एकदाच उजवली होती, नऊ दिवसांपुरती. सरूबाई स्वभावाने वाईट असती तरी बरं झालं असतं. ती वाईट नव्हती, हेच जास्त झोंबायचं.

त्यात हे लिंब. टेकडीवरच्या बाभळी, हिवर, सीताफळी नानासाहेबांनी सरसकट तोडल्या. हे एकच ठेवलं, तेही नेमकं माजघराच्या जागी. मिस्त्री वैतागला. शेवटी त्याने भिंत झाडाला वळसा घालून नेली आणि माजघर निम्मं झालं. सरूबाई दोन दिवस कुरकुरली आणि गप्प बसली. सावलीसाठी भिंत वाकवायची म्हणजे केवढा हा थाट, असं द्वारकाबाईंना वाटलं, आणि त्यांनी हिंगाचा डबा उघडला.

खडा भोकात नीट बसला. त्या चिखल घ्यायला वाकणार, तोच पाण्याची घागर घेऊन नानासाहेब वर आले. नव्या बांधकामावर पाणी मारायची त्यांची ही वेळ. द्वारकाबाईंनी झटकन भोकाला पाठ लावली आणि गिरमिट पायाखाली सरकवलं.

"वैनी! उन्हाचं कशापायी आल्या?"

"बघाया आले तुमचा महाल," त्या म्हणाल्या. "एका झाडापायी भिंत वाकडी केली. लोक हसतेत भाऊजी."

"हसू द्या."

"हसू द्या कसं? तोडा की ते. तुम्हाला जमत नसंल तर म्या सांगते मिस्त्रीला."

नानासाहेबांनी घागर खाली ठेवली.

"ते तोडता यायचं नाय, वैनी. चौकट बसायच्या आधी तुम्हाला सांगायचंच व्हतं, पण तोंड उघडंना. आबानं शपथ घातली व्हती."

"कसली शपथ?" सासऱ्यांचं नाव निघालेलं ऐकून द्वारकाबाईंनी विचारलं.

"पोलीस अ‍ॅक्शनच्या साली तुमची पोर गेली. दादा तवा निजामाशी लढाया सरहद्दीवर कॅम्पात. म्या बारा वर्साचा. आबा अन् म्या, दोघंच व्हतो. गावात रझाकाराची धास्ती, म्हणून पहाटेच्याला तिला इथं आणलं. खड्डा म्या खांदला. वर खूण म्हणून आबानं लिंबाचं रोप लावलं, अन् म्हणले, थोरलीला सांगू नको, ती रोज इथंच येऊन बसंल."

द्वारकाबाईंची पाठ खोडापासून सुटली.

"दादाला बी ठाऊक नाय," नानासाहेब खाली मान घालून बोलत राहिले. "टेकडी त्याच्या वाट्याला गेली असती तर त्यानं इकली असती. म्हणून म्या उचलली. अन् घर बांधाया सपाट जागा म्हणावी तर सगळ्या उतारावर येवढीच. म्हटलं, भिंत वाकडी झाली तर झाली. पोर घरातच राहील."

खालून मजुरांचे आवाज येऊ लागले. द्वारकाबाई सावकाश वळल्या. झाडाला लावायला त्यांनी हात उचलला. बोटांना हिंगाचा वास येत होता. तो हात त्यांनी मागे घेतला. मग अंबाड्यातला आकडा उपसला, गुडघ्यावर बसल्या आणि खोडातल्या भोकातून हिंग उकरू लागल्या. आकडा वाकला तशा नखांनी उकरू लागल्या. नानासाहेबांना गिरमिट दिसलं, भुसा दिसला.

"वैनी, हे काय?"

"घागर द्या हिकडं," द्वारकाबाई म्हणाल्या. "धुवू द्या मला. माझ्या लेकराला माझीच नजर लागली व्हती, भाऊजी."