वेगळी वाटी

आसेगाव सोडून वाशीमला बिऱ्हाड आणलं, त्या दिवशी आडनाव ऐकून घरमालकीण काकू पळभर गप्प झाल्या होत्या. ते गप्प होणं सुचिताच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. तिची दीड वर्षांची धम्मदीपा मात्र रोज दुडुदुडु अंगण ओलांडून काकूंच्या स्वयंपाकघरात वरणभात खाऊन यायची. एके दुपारी सुचिताच्या नजरेस पडलं, लेकीची वाटी काकू वेगळ्या फळीवर ठेवतात, तिच्यात दुसऱ्या कोणालाच वाढत नाहीत. म्हणजे विटाळ शहरातही ठाण मांडून बसला होता तर! तिचं डोकं सणकलं. उद्याच ही खोली सोडायची, असं ठरवून तिने पोरीला कडेवर उचललं. "माह्या पोरीची वाटी वेगळी काहून ठेवता, काकू?" "तिचीच हाय म्हणून," काकू शेंगा फोडत म्हणाल्या. "उलटी करून पाह्य." वाटीच्या बुडाशी नुकतीच कोरलेली अक्षरं बोटांना टोचली: 'धम्मदीपास, आजीकडून.'