वहीतले तीन दिवस

डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि वही ओढून घेतली. तीन दिवस बाबांच्या पोटात काय काय गेलं ते तीत ग्रॅमसकट लिहिलं होतं. लोणी, साय, अंडी. रोज शंभर ग्रॅम फॅट खायचं आणि शौचाला होईल ते सगळं डब्यात साठवून आणून द्यायचं, अशी ही तपासणी.

“हे लिहिलंय कुणी?”

“मी,” बाबांची मुलगी म्हणाली. “मुद्दाम राहायला आले. प्रत्येक घास वजन करून घातला. वहिनीला ओट्याजवळसुद्धा येऊ दिलं नाही.”

वहिनी, म्हणजे बाबांची सून, दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. सहा महिन्यांत सासऱ्यांचं वजन चौदा किलोंनी उतरलं होतं. म्हातारा खंगतोय म्हणजे सून पोटाला घालत नाही, असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं. तिनं आपली बाजू सांगणं कधीच सोडून दिलं होतं.

“मी सांगत होतो ना, पोटभर जेवतो म्हणून,” बाबा म्हणाले. “तर म्हणे सुनेच्या धाकानं बोलतो.”

डॉक्टरांनी अहवाल मुलीपुढे सरकवला. “शंभरातलं सात ग्रॅमपर्यंत बाहेर पडलं तर चालतं. यांचं एक्केचाळीस पडलंय. स्वादुपिंडातून पाचकरसच पुरेसा येत नाही; दुसऱ्या तपासणीतही तेच दिसतंय. तुम्ही भरवा नाहीतर यांनी भरवा, अंगी लागणार कुठून? जेवताना या गोळ्या द्या. वजन हळूहळू भरून येईल.”

मुलीनं वहीतल्या आपल्याच अक्षराकडे पाहिलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनीकडे वर बघायचा धीर तिला होईना. मग तिनं तिथेच, सगळ्यांसमोर फोन लावला.

“आत्या, वहिनीबद्दल मी तुला जे सांगितलं ना, ते साफ खोटं होतं. बाबांना आजार आहे. ती बिचारी पहिल्यापासून नीट जेवायला घालत होती. तू ज्यांना ज्यांना सांगितलंस, त्यांना फोन करून हे कळव.”

“किती जणांना सांगितलं, ते मी मोजलंय थोडंच?” पलीकडून आत्या पुटपुटली.

“मोजले नसतील तर सगळ्यांनाच कर,” मुलगी म्हणाली. “तेव्हा कंटाळा केला होतास का?”