हेडफोनातली बातमी

गुरुपादप्पांचे कान जड झाले, तेव्हापासून रेडिओला जुना अ‍ॅम्प्लिफायर जोडून ते हेडफोन लावायचे. दारापुढं टँकरची वाट बघत बसलेल्या गल्लीला रोज सांगायचे, "रेडिओत सांगितलं, आठ दिसांत पाऊस हाय. अन् उदगीर जिल्हा बी होऊन राहिलाय." गल्लीनं तिसरं कोरडं साल त्या बातमीच्या भरवशावर ढकललं.

अ‍ॅम्प्लिफायर लई घूं घूं करायचा. सून रुद्राणीनं आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग गन धरली, दोन बोटं पोळून घेतली आणि त्यातले फुगलेले कपॅसिटर बदलले. मग हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. घूं घूं पार गेली होती. निवेदक स्वच्छ सांगत होता, मराठवाड्यात पावसाची चिन्हं नाहीत.

तिनं हेडफोन आप्पांच्या कानांवर चढवला. आप्पांनी आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं.

"बंद पाडलीस की गं पोरी," ते म्हणाले. "आधी निदान घूं घूं तरी ऐकू यायची."

तेवढ्यात दारातून हाक आली, "आप्पा, आज काय म्हणतोय रेडिओ?"

आप्पा अजून बटणच फिरवत होते. रुद्राणी उंबऱ्यात आली.

"आठ दिसांत पाऊस हाय म्हणं."