फटफटीचं हलकं काम

सासऱ्याकडून हट्टानं उकळलेल्या फटफटीवर मच्छिंद्र राजासारखा बसायचा. ती पुसणं, उतरल्यावर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करणं, निघताना उघडणं, असली हलकी कामं बायकोची. त्याच्या पांढऱ्या बेलबॉटमला डाग पडता कामा नये.

त्या दिवशी मिरजगावला माहेरी चांगुणा म्हणाली, "आई तापानं फणफणलीय. मला दोन दिस राहू द्या."

"मग म्हशीची धार काय मी काढू?" म्हणत त्यानं तिला मागं बसवलं.

वेशीपर्यंत फटफटी नीट गेली, मग ठसके देत बंद पडली. किका मारून मच्छिंद्र घामाघूम झाला. प्लग काढून पुसला, धावत आलेल्या सासऱ्याला ढकलायला लावलं. शेवटी म्हणाला, "मामा, तुमच्या पोरीसारखीच निघाली ही. वरून चकचकीत, आत काय न्हाई."

तेवढ्यात श्रीगोंद्याची एसटी आली. "दुरुस्त झाली की धाडा दोघींनाबी," असं सुनावून जावईबापू चढले.


एसटीची धूळ खाली बसल्यावर चांगुणानं वाकून कॉक उघडला आणि पदराला हात पुसले. "दुरुस्तीला दोन दिस तरी लागतील बगा, आबा."