छपरांची पडताळणी

टॅबलेटच्या पडद्यावर एकशे बावन्न क्रमांकाचा भूखंड रिकामा होता. प्रत्यक्षात त्यावर एक घर उभे होते, घरावर आठ निळे पत्रे होते आणि दारात बासिलिया उभी होती.

"अकरा वर्षं झाली, साहेब. ही चूल बघा, ही काजळी बघा. रिकाम्या जागेला काजळी धरते का?"

अबेलार्दो तिंताया यांनी चूल पाहिली, काजळीही पाहिली. नगरपालिकेच्या नकाशा विभागात त्यांची चौतीस वर्षे गेली होती. आधी पाहायचे, मग मोजायचे आणि त्यानंतरच लिहायचे, ही तंत्रनिकेतनात लागलेली सवय त्यांनी आजवर मोडली नव्हती.

राजधानी लिमाहून आलेल्या ड्रोनने मार्च महिन्यात साऱ्या टेकडीची छायाचित्रे घेतली होती. जिथे छप्पर दिसले ते घर, जिथे दिसले नाही ती मोकळी जागा. हा नियम वस्तीच्या सभेत अबेलार्दोंनीच समजावून सांगितला होता. आता संगणकाने मोकळ्या जागा जोडत पायऱ्यांच्या नव्या रस्त्याची तांबडी रेघ आखली होती आणि ती बासिलियाच्या चुलीवरून जात होती. हरकत नोंदवण्याचा आज शेवटचा दिवस होता.

"मार्चमध्ये तुमचं छप्पर कुठे होतं?" त्यांनी विचारले.

बासिलियाने उताराकडे बोट दाखवले. पन्नास पावलांवर वस्तीचे सामाईक स्वयंपाकघर होते.

"तिथं. ते स्वयंपाकघर चालवते ती नेलिदा म्हणाली, आजी, ड्रोनला छप्पर दिसलं नाही तर पालिकेचा तांदूळ मिळायचा नाही. एका दिवसापुरते पत्रे दे. दिले. तिसऱ्या दिवशी परत आणून ठोकून दिले, खोटं कशाला बोलू? पण तुमचं यंत्र मधल्याच दिवशी येऊन गेलं."

अबेलार्दोंनी दोन बोटांनी चित्र मोठे केले. स्वयंपाकघरावर आठ निळे पत्रे होते आणि त्यांतल्या एकाचा कोपरा गंजाने खाल्ला होता. त्यांनी मान वर करून बासिलियाच्या छपराकडे पाहिले. तोच कोपरा तिथे होता.

"घर होतं, फक्त छप्पर काढलेलं होतं, असं तीन शेजाऱ्यांनी सहीनिशी सांगावं लागेल," ते म्हणाले. "आणि काढलेलं छप्पर कुठे नेलं होतं, तेही."

"सांगतील की. रोज एका पातेल्यातलं खातो आम्ही."

दोघे खाली आले. स्वयंपाकघराच्या खांबांवर आता फाटके प्लास्टिक ताणलेले होते. एप्रिलपासून ते पालिकेच्या नोंदीत पक्क्या छपराचे स्वयंपाकघर होते. तांदूळ, तेल आणि गॅसची टाकी दरमहा येत होती. पक्के छप्पर कुठे गेले, असा प्रश्न आजच्या यादीत नव्हता, म्हणून अबेलार्दोंनी तो विचारला नाही.

"नेलिदाताई, मार्चमध्ये इथले पत्रे कोणाचे होते?"

"कुठले पत्रे?" नेलिदाने पातेल्यातला डाव थांबवला नाही. "मी मसूर निवडत होते, साहेब. मसूर निवडताना कोण वर बघतं?"

"आजीचं छप्पर वाऱ्यानं गेलं असेल," बटाटे सोलणारी लुस्मिला म्हणाली.

"वारा कसला! खाली दोर धरून तूच उभी होतीस," बासिलिया म्हणाली. "पायावर पत्रा पडला तेव्हा माझ्या नवऱ्याला शिव्या दिल्यास. मेलेल्या माणसाला!"

दोघीतिघी हसल्या आणि लगेच पुन्हा कामाला लागल्या.

नेलिदा अबेलार्दोंच्या जवळ आली. "एकसष्ट घरं जेवतात इथं, साहेब," ती हळू आवाजात म्हणाली. "पत्रे कोणाचे ते लिहायचं तर लिहा. मग उद्यापासून ही लेकरं कुठं जेवतील, तेही लिहा."

अबेलार्दोंनी हरकतीचा अर्ज फळीवर ठेवला आणि त्यावर पेन ठेवले. पेनाला कोणी हात लावला नाही. अर्जाच्या तळाशी आणखी एक रकाना होता, अधिकाऱ्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टीसाठी. तो भरला की पुढचा प्रश्न स्वयंपाकघराचा निघणार होता. बराच वेळ त्या रकान्याकडे पाहून त्यांनी पेनाला टोपण लावले.

"सह्या नाहीत, आजी. मी तरी काय करू?"

"तुम्ही जेवून घ्या," बासिलिया म्हणाली आणि चढ चढून गेली.

कोणीतरी त्यांच्या हातात ताटली दिली. मसूर चांगला शिजला होता. वरून खिळे उपटल्याचा आवाज येऊ लागला तेव्हा त्यांचे अर्धे जेवण झाले होते.

बासिलिया पहिला पत्रा पाठीवर बांधून खाली आली. तो खांबाला टेकवून पुन्हा वर गेली आणि दुसरा घेऊन आली. मग तिसरा, मग चौथा.

"हे काय चालवलंयस, आजी?" अखेर नेलिदाने विचारले.

"नकाशात हे इथं आहेत ना? मग इथंच राहू देत. तुम्ही खऱ्या, साहेब खरे. मी एकटीच कशाला खोटी राहू?"

नको असे कोणी म्हटले नाही. आठवा पत्रा खाली आला तेव्हा लुस्मिला शिडीवर चढलेली होती. तिने प्लास्टिक सोडून टाकले आणि खालून नेलिदा एकेक पत्रा वर देऊ लागली.

शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर अबेलार्दो उठले. त्यांनी टॅबलेट डोळ्यांसमोर धरून आधी स्वयंपाकघर पाहिले, मग उतारावरच्या बासिलियाच्या चार उघड्या भिंती पाहिल्या. नंतर एकशे बावन्न क्रमांकासमोरच्या रकान्यात त्यांनी नियमाप्रमाणे खूण केली. चित्र आणि जागा जुळतात.