तीसच्या खाली

“पुन्हा साबणच?” दुकानदारीणबाईंनी विचारलं.

“साबणच,” तो म्हणाला आणि त्याने बायकोचं कार्ड पुढे केलं.

सुरुवातीला बाई चेष्टा करायच्या. एका साबणासाठी कार्ड काढताय, उद्या काडेपेटीसाठी चेक फाडाल, म्हणायच्या. तोही हसायचा. हल्ली त्या चेष्टा करत नसत. त्यांनी फळीवरून गुलाबी वेष्टनातली वडी न विचारताच काढली आणि कार्ड यंत्राला लावलं. बायकोचा फोन त्याच्याच खिशात होता. पैसे गेल्याचा मेसेज त्यावर वाजला.

“आणखी काही?”

“नको. एवढं बँकेला पुरतं.”

घरी पोचायच्या आत त्याने ते पैसे भरूनही टाकले. बिल निघायच्या आधी भरायचे, असं ठरलेलं होतं. हा शेवटचा महिना होता.

हे सगळं त्याला बँकेतल्या कर्जाच्या साहेबांनी शिकवलं होतं. साहेब म्हणजे पोरगेलासा माणूस, पण बोलायला नीट. तेव्हा नवरा-बायको दोघंही त्यांच्यासमोर बसली होती. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. पैसे भरल्याशिवाय हॉस्पिटल तारीख देईना, आणि उशीर करू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याचं स्वतःचं नाव जुन्या थकलेल्या हप्त्यांपायी बँकेत कधीच बुडालं होतं. म्हणून कर्ज तिच्या नावावर मागितलं.

पडद्याकडे बघताना साहेबांचा चेहरा उतरला.

“मॅडम, कार्डावर शंभर वापरायची मुभा असेल, तर तुम्ही ब्याण्णव वापरलेत. हप्ते वेळेवर आहेत, पण कार्ड असं काठोकाठ भरलेलं दिसलं की आमचं यंत्र घाबरतं. क्रेडिट स्कोअर पार तळाला गेलाय.”

ते ब्याण्णव त्याचे होते. पंपदुरुस्तीच्या दुकानात तारा गुंडाळायचं यंत्र हवं म्हणून त्यानेच तिचं कार्ड नेलं होतं. लवकर फेडतो, म्हणाला होता. त्याने काही बोलायला तोंड उघडलं.

“हौस हो, साहेब,” ती पटकन म्हणाली. “दिसलं की घ्यावंसं वाटतं. बायकांची हौस!”

तिच्या स्वेटरच्या दोन्ही कोपरांना ठिगळं होती. साहेबांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

“मग हौसेला आवर घाला,” ते हसून म्हणाले. “वापर तीसच्या खाली आणा आणि सहा महिने तिथेच ठेवा. दहाच्या खाली राहिला तर फारच छान. मात्र कार्ड बंद करू नका, पडूनही ठेवू नका. दर महिन्याला काहीतरी किरकोळ घ्या आणि बिल निघायच्या आत भरा. सहा महिन्यांनी या. मी स्वतः बघतो.”

जिना उतरताना ती मध्येच कठडा धरून थांबली.

“बँक वरच्या मजल्यावर थाटायची अक्कल कुणाची म्हणे?” ती धापा टाकत म्हणाली.

“मला सांगू द्यायचं होतंस त्यांना.”

“काय सांगणार होतात? नवऱ्याने खड्ड्यात घातलं म्हणून? ते मी घरी गेल्यावर ऐकवते तुम्हाला, निवांत.” मग त्याचं तोंड बघून तिचा आवाज उतरला. “सहा महिने ना? मी काढीन हो. तुम्हाला जमतंय का ते बघा.”

त्याने मनावर घेतलं. यंत्र मिळेल त्या भावाला विकलं, कार्ड रिकामं केलं आणि पुन्हा हाताने तारा गुंडाळायला लागला. बोटं सोलून निघाली. औषधं रोखीने आणली. ती पडल्या पडल्या शाळेच्या गणवेशांना बटणं लावून देई. आणि महिन्यातून एकदा कार्डावर तिच्या आवडीचा साबण.

आजची वडी त्याने शिलाई मशीनवर आधीच्या वड्यांवर रचली. मशीनवर चादर होती. खोलीभर तोच वास कोंडला होता. तो खिडकी उघडणार, तेवढ्यात मुलीचा फोन आला.

“बाबा, पुरे झालं आता. इकडे या राहायला. त्या बँकेचं काय घेऊन बसलात?”

“एकदा त्यांना हो म्हणू दे.”

“आणि म्हणाले तर?”

“तुझ्या आईला शब्द दिलाय मी.”

“जेवलात का?” मुलीने विचारलं.

बिल निघालं, भरलेलं दिसलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेला. जिन्यात ती थांबली होती त्या पायरीवर तोही क्षणभर थांबला.

साहेबांनी त्याला लगेच ओळखलं. पडदा बघताच ते खुर्चीत ताठ बसले.

“अहो, कमाल केलीत! मी सगळ्यांना सांगतो, पण ऐकतं कोण? तीस सोडाच, वापर दोनच्याही खाली! स्कोअर बघा कुठे गेलाय.”

“म्हणजे कर्ज?”

“मंजूर समजा.”

“परत एकदा म्हणाल?”

“मंजूर!” साहेब मोकळेपणी हसले. “पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातील. मॅडमना फक्त सहीला आणा. त्यांना जिना झेपत नसेल तर मी खाली येतो.”

त्याचा हात खिशातल्या कार्डाकडे गेला.

“पण खरं सांगा,” साहेब पुढे वाकले, “खर्च इतका आवरला कसा? मॅडमची तर हौस दांडगी होती.”

त्याने खिशातून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

“पहिले दोन महिने फार ओढाताण झाली, साहेब,” तो म्हणाला. “तिसऱ्यात ती गेली. मग एका साबणापलीकडे तिला काही लागलंच नाही.”