मुठीतला दोरा

सूनबाईचं वागणंच मला पटत नव्हतं. आखातातल्या शारजा शहरात आमच्या घरी अंगणात माशांचं तळं केलं, तर बाजारातला पंप आणायचा सोडून ही मोडक्या कॉम्प्युटरच्या पंख्यातली ब्रशलेस मोटर काढून, तिला सर्किट जोडून घरीच पंप करत बसली. तो दर चार दिवसांनी अडायचा. “इंजिनियर म्हणे!” मी येईल त्याला ऐकवायचे.

काल पाहुण्यांसमोरच तिने पंप उघडला. पात्याला हाराचा दोरा गुंडाळलेला. इथे नदी कुठे, म्हणून देवाचं निर्माल्य मीच गुपचूप तळ्यात सोडत होते. तिने दोरा पटकन मुठीत दडवला आणि म्हणाली, “माझंच सर्किट चुकलं, आई.”

मी पुढे होऊन तिचा हात धरला आणि म्हणाले,



“खोटं बोलणं तुला जमत नाही, शुभ्रा. मूठ उघड, दिसू दे सगळ्यांना सासूची अक्कल.”